आवणीचं कसब आणि मेंदू

जुलैत मुरबाड-शहापूरच्या खाचरांमध्ये चिखलणी झाली की भाताच्या आवणीला, म्हणजे लावणीला, सुरुवात होते. बाईच्या डाव्या हातात आवणाची मूठ असते. उजव्या हाताची बोटं त्यातून तीन-चार काड्या सुट्या करून दोन-तीन सेंटिमीटर खोल रोवतात आणि पाय एकेक पाऊल मागे सरकतो. नजर प्रत्येक रोपावर नसते, शेजारणीशी बोलणंही चालू असतं, तरी ओळ मोडत नाही. अशा कामाला आपण सहज ‘अकुशल’ म्हणतो. मला ते अजिबात पटत नाही, कारण ही एक काडी रोवण्यासाठी जवळजवळ अख्खा मेंदू कामाला लागलेला असतो.

हात हलण्याआधीच मेंदूत तयारी सुरू होते. जर्मनीत कॉर्नह्यूबर आणि डीके या संशोधकांनी १९६५ मध्ये दाखवलं, की माणूस आपणहून बोट हलवतो त्याच्या सुमारे एक सेकंद आधीपासून मेंदूतल्या विद्युत लहरी बदलू लागतात. हात कुठे आहे आणि रोप कुठे जायचं आहे, याचा हिशेब डोक्याच्या वरच्या-मागच्या भागात होतो. त्याच्या पुढचे भाग हालचालींचा क्रम लावतात: आधी काड्या सुट्या करायच्या, मग वाकायचं, मग रोवायचं. शेवटचा हुकूम मुख्यतः प्रेरक क्षेत्रातून निघतो. तो लंबमज्जेत बाजू बदलून मज्जारज्जूत उतरतो, म्हणून उजवा हात डाव्या मेंदूच्या ताब्यात असतो.

मॉन्ट्रियलचे शल्यविशारद पेनफिल्ड यांनी शुद्धीवर असलेल्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विद्युतस्पर्श करून या क्षेत्राचा नकाशा काढला. तो १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात अख्ख्या धडाला थोडीशी जागा मिळाली आहे आणि हाताच्या बोटांना व चेहऱ्याला मात्र ऐसपैस. पुढे २०२३ मध्ये संशोधकांनी दाखवलं, की बोटं, पाय आणि तोंड यांच्या पट्ट्यांमध्ये आणखी काही जागा आहेत आणि त्या सगळ्या शरीराच्या हालचालींचा मेळ घालतात. वाकलेली कंबर, मागे सरणारा पाय आणि रोवणारी बोटं यांचा मेळ आवणीत क्षणोक्षणी लागतो.

खरी किमया लहान मेंदूची. मेंदूतल्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींपैकी जवळपास ८० टक्के तिथे आहेत. हुकूम सुटला की त्याची प्रत लहान मेंदूकडेही जाते. हात कुठे पोचेल याचा अंदाज तो आधीच बांधतो आणि चूक दिसली की पुढच्या वेळी दुरुस्त करतो. चिखल कुठे घट्ट, कुठे पातळ, हे बाईच्या बोटांना ‘कळतं’ ते यामुळेच. वर्षानुवर्षांच्या सरावानंतर क्रम सांभाळण्याचं काम मेंदूच्या तळाशी असलेल्या केंद्रांकडे जातं आणि मन गप्पांना मोकळं होतं.

म्हणूनच ‘अंगावरून वारं गेलं’, म्हणजे पक्षाघात झाला, की घर हादरतं. अशा वेळी हाताचे स्नायू धडधाकट असतात. मेंदूची रक्तवाहिनी तुंबल्याने किंवा फुटल्याने हुकूमच सुटत नाही. मग हाताला तेल चोळून किंवा कबुतराचं रक्त लावून काय होणार? बिघाड डोक्यात आहे. मोठी वाहिनी तुंबली तर उपचाराविना दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅन करून रक्तस्राव नसल्याची खात्री झाल्यावरच. मुरबाड-शहापूरकडे डोळखांब किंवा टोकावड्याच्या पलीकडच्या पाड्यावर हे तास रस्त्यातच संपू शकतात.

वेळ हुकली तरी हात कायमचा गेला असं मानू नये. संशोधक नूडो यांनी १९९६ मध्ये माकडांवर केलेल्या प्रयोगात दिसलं, की मेंदूला इजा झाल्यावर अधू हाताकडून सराव करून घेतला तर मेंदूतली त्याची उरलेली जागा टिकते. सराव नसेल तर ती आक्रसते. त्यामुळे फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने अधू हाताला रोज काम द्यावं, अगदी सुपातले तांदूळ निवडण्याचंही.

घरात कुणाचं तोंड अचानक वाकडं झालं, एक हात लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं, तर आधी घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवा. लगेच १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन कुठे होईल, हे पहिल्याच बोलण्यात विचारा.