श्वासाची नोंद घेणारा प्लॅस्टिकचा तंतू

घरातील वृद्ध आजारी असताना मध्यरात्री उठून त्यांची छाती वरखाली होते आहे ना, हे पाहण्याची वेळ आपल्यापैकी अनेकांवर आली असेल. दिवा लावावा तर त्यांची झोप मोडते. न लावावा तर आपल्या जिवाला घोर लागतो. छातीची ही हालचाल अंगाला विजेच्या तारा न लावता टिपणारे एक साधन संशोधक घडवीत आहेत. त्याची ओळख आज करून घेऊ.

हे साधन म्हणजे दोऱ्यासारखा बारीक प्रकाशतंतू, अर्थात ऑप्टिकल फायबर. त्याच्या गाभ्यात समान अंतरावर सूक्ष्म पट्ट्यांची जाळी उमटवलेली असते. दोन पट्ट्यांमधील अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास, बहुधा त्याहूनही कमी असते. तंतूतून प्रकाश सोडला की ही जाळी त्यातील एकाच ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश परत पाठवते. इलॅस्टिकवर शाईने रेघा ओढून ते ताणले, तर रेघांमधील अंतर वाढते. तसेच येथेही घडते. श्वास घेताना छातीवरील पट्टा ताणला जातो, जाळीतील अंतर वाढते आणि परतणारी तरंगलांबी किंचित सरकते. श्वास सोडताच ती पूर्ववत होते. डोळ्यांना न दिसणारा हा बदल उपकरण मोजते.

या जाळीला 'ब्रॅग जाळी' म्हणतात. स्फटिकांवरील क्ष-किरणांच्या अभ्यासासाठी १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या ब्रॅग पितापुत्रांचे नाव तिच्याशी जोडले गेले आहे. काचेच्या तंतूत अशी जाळी १९७८ मध्ये कॅनडात तयार झाली. प्लॅस्टिकच्या तंतूत ती १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियात उमटली.

काच असताना प्लॅस्टिक कशासाठी? शरीर मऊ आहे, म्हणून. या तंतूंसाठी वापरले जाणारे ॲक्रिलिक काचेपेक्षा सुमारे वीसपट लवचीक असते. ते अधिक ताणले जाते आणि तुटले तरी त्याचे काचेसारखे टोकदार तुकडे सहसा होत नाहीत. हे द्रव्य आपल्या परिचयाचे आहे. दातांची कवळी बहुधा त्याचीच असते. कृत्रिम गुडघा हाडाला पक्का बसवणारे 'सिमेंट' त्याचेच. मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवलेले पहिले कृत्रिम भिंगही, लंडनमध्ये १९४९ साली, त्याचेच होते. तंतूत धातू वा वीज नसल्याने एमआरआय यंत्रातही तो वापरता येतो.

तरीही उतावीळ होऊ नये. हे ॲक्रिलिक हवेतील ओलावा शोषून फुगते. घाम आणि उष्णता यांमुळेही तरंगलांबी सरकते आणि तो सरकणे श्वासाचेच आहे असा भास होऊ शकतो. म्हणून संशोधक ताण न पडणारी दुसरी जाळी जोडीला ठेवून हा फरक वजा करतात, किंवा कमी ओलावा शोषणारे प्लॅस्टिक निवडतात. शिवाय तरंगलांबी वाचणारी उपकरणे महाग आहेत. त्यामुळे या तंतूंचे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच चालते.

तोवर आपल्यापाशी एक विनामूल्य साधन आहे : घड्याळ. रुग्ण स्वस्थ असताना पूर्ण एक मिनिट छातीचे किंवा पोटाचे वरखाली होणे मोजा. आपण मोजतो आहोत हे त्यांना कळू देऊ नका; कळले की श्वासाची लय बदलते. विश्रांतीच्या वेळी प्रौढांचे श्वास मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. रोज एकाच वेळी नोंद ठेवा, म्हणजे त्यांचे नेहमीचे प्रमाण आपणांस कळेल. आकडा सतत २० च्या वर राहू लागला, तर डॉक्टरांना कळवा. तो २५ किंवा अधिक, वा ८ किंवा कमी झाला, ओठ निळसर दिसले, बोलताना धाप लागली किंवा अचानक भ्रम झाला, तर सकाळची वाट न पाहता तातडीने वैद्यकीय मदत घ्या.

उद्या हा तंतू घरोघरी पोहोचलाही, तरी तो आकडाच सांगेल. त्या आकड्याचा अर्थ जाणून वेळीच पाऊल उचलणारे माणूस उशाशी लागेलच.