खेळांचा सर्व्हर : सॉफ्टवेअर फुकट, राखण मात्र आपली

पेणच्या बाजारपेठेत मोबाइल दुरुस्त करणारा असो, की रोह्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचे दुकान चालविणारा. मुले मोबाइलवर एकत्र खेळतात आणि त्यापायी घरचा पैसा दूरच्या कंपन्यांकडे जातो, हे दोघेही रोज पाहतात. असा खेळ आपल्याच दुकानातून चालविता येईल काय, आणि त्यात चार पैसे सुटतील काय, हा प्रश्न आम्ही येथे घेत आहोत.

दहा मुले एकच खेळ खेळतात, तेव्हा कोणी काय केले याचा हिशेब एका जागी ठेवावा लागतो. तो हिशेब ठेवणारा संगणक म्हणजे सर्व्हर. पेढीवरच्या मुनिमासारखे त्याचे काम असते. अनेक नामांकित खेळांत हा मुनीम कंपनीच्या ताब्यात असतो. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तो आपणच नेमू शकतो.

उदाहरणादाखल लुआंटी घेऊ. फिनलंडच्या पेर्टू अहोला यांनी ते २०१० साली आणले. २०२४ पर्यंत त्याचे नाव माइनटेस्ट होते. ठोकळे रचून घरे, पूल, गावे बांधण्याचा हा प्रकार. सॉफ्टवेअरला किंमत नाही, आणि त्यावर सेवेचे पैसे घेण्यास त्याचा परवाना आड येत नाही.

मांडणी कशी करावी

चार जीबी मेमरीचा जुना संगणक सुरुवातीला पुरतो. त्यावर डेबियनसारखे फुकट लिनक्स बसवावे. लिनक्सचे धडे आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने मराठीतही दिले आहेत. नंतर लुआंटीचा सर्व्हर आणि त्यावर चालणारा एखादा खेळ, जसे व्हॉक्सेलिब्रे, असे दोन्ही उतरवून घ्यावे. नुसत्या लुआंटीत खेळ नसतो, हे ध्यानात ठेवावे.

मग सेटिंगच्या फाइलमध्ये तीन गोष्टी लिहाव्यात : व्यवस्थापकाचे नाव, एकावेळी किती खेळाडू घ्यायचे (मुळात १५ ठरलेले असतात), आणि पासवर्डवाचून कोणास आत घेऊ नये ही सूचना. दुकानातील वायफायवर मुलांच्या अँड्रॉइड फोनमधून लगेच खेळता येते. यास इंटरनेटही लागत नाही.

खरी अडचण पत्त्याची

रोह्याच्या मुलाला कुवेतमधील चुलतभावाबरोबर खेळायचे असेल, तर सर्व्हर बाहेरून सापडला पाहिजे. मोबाइल कंपन्या आणि अनेक केबलवाले बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच पत्ता देतात. चाळीचा पत्ता आहे पण खोली नंबर नाही, तसे हे झाले. आपले पत्र बाहेर जाते, बाहेरून आलेला पाहुणा दारातच घुटमळतो. तेव्हा इंटरनेट देणाऱ्याकडून स्वतंत्र कायमचा पत्ता मागावा आणि राउटरमध्ये यूडीपीचा ३०००० क्रमांकाचा दरवाजा या संगणकाकडे वळवावा. ते जमत नसेल, तर मुंबईतील डेटा सेंटरमधला सर्व्हर महिन्याच्या भाड्याने घ्यावा.

खर्चाचा हिशेब

६० वॉटचा संगणक रात्रंदिवस चालला, तर महिन्याला सुमारे ४३ युनिट वीज लागते. आपल्या बिलावरील दराने गुणून पाहावे. पावसाळ्यात वीज वारंवार जाते. अचानक बंद पडल्यास खेळाची नोंद बिघडू शकते. यूपीएस ठेवावा, आणि रोज रात्री सर्व्हर थांबवून खेळाच्या जगाच्या फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. मुलांनी महिनाभर बांधलेले गाव एका रात्रीत गेले, तर गिऱ्हाईक परत येत नाही.

कमाई सॉफ्टवेअर विकून होणार नाही. ते तर सर्वांनाच फुकट आहे. कमाई सेवेची आहे : शाळा किंवा क्लासला सर्व्हर बसवून देणे, महिन्याची देखभाल, बिघाड काढणे. तासावर खेळू देणार असाल, तर पेण किंवा रोहा-अष्टमी नगरपरिषदेत आणि पोलीस ठाण्यात परवान्याची चौकशी आधी करावी.

पैज नको

२०२५ साली संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आहे, मग खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा. असे खेळ चालविणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुगार आपल्याकडे हराम आहेच. जागेचे वा सेवेचे ठरलेले भाडे निराळे. खेळाडूंकडून पैसे गोळा करून जिंकणाऱ्यास वाटण्याच्या भानगडीत पडू नये.

आमची सूचना एवढीच, की पहिला महिना सर्व्हर फक्त दुकानाच्या वायफायवर चालवावा. ओळखीच्या पाच-सात मुलांनाच नाव-पासवर्ड द्यावा, शिवीगाळ करणाऱ्यास बाहेर काढण्याची आज्ञा शिकून घ्यावी, वीज आणि वेळ यांची टाचणवही ठेवावी. महिन्याअखेर वही तोट्याची निघाली, तरी जुन्या संगणकापलीकडे फारसे भांडवल अडकलेले नसेल. नफ्याची निघाली, तर कायमचा पत्ता घेण्यास हरकत नाही.