टॉवर चौकात डबी लपवायची कशी?

जिओकॅशिंगचं नाव काढलं की उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या मराठी घरांतून हमखास दोन प्रतिक्रिया येतात. 'म्हणजे गुप्तधन शोधायचं का?' ही पहिली. 'त्यात काय एवढं, मोबाईल नेतोच की तिथपर्यंत,' ही दुसरी. दोन्ही चुकीच्या, पण दुसरी जास्त.

खेळ थोडक्यात असा. एकजण कुठेतरी डबी लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जिओकॅशिंग डॉट कॉमवर देतो. दुसरा ते आकडे घेऊन निघतो, डबी शोधतो, आतल्या चिटोऱ्यावर आपलं नाव आणि तारीख लिहितो, आणि डबी होती तशी, होती तिथे ठेवून देतो. अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांमध्ये मुद्दाम घातलेली चूक 2 मे 2000 रोजी काढून टाकली आणि शंभर मीटरपर्यंत जाणारा घोळ एका रात्रीत काही मीटरांवर आला. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली अर्धवट पुरून ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. काही दिवसांतच ती लोकांना सापडली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी वर सांगितलेलं संकेतस्थळ सुरू केलं. आज जगभरात तीस लाखांच्या आसपास डब्या आहेत. गंमत म्हणजे उल्मर यांनी बादली पुरली, पण आता जागेच्या मालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय डबी जमिनीत पुरायला नियमानेच बंदी आहे.

गुप्तधनाचं म्हणाल तर ते नसतं. मोठ्या डब्यात किल्लीची साखळी, बिल्ला, एखादी खेळण्यातली मोटार असं काहीबाही सापडतं. एक वस्तू उचलली तर तेवढ्याच किमतीची दुसरी ठेवायची, एवढा साधा व्यवहार. खाऊ ठेवायचा नाही, मुंग्या आणि माकडं दोघांनाही त्याचा पत्ता माणसांआधी लागतो. शहरातल्या बहुतेक डब्या तर बोटाच्या पेराएवढ्या असतात. त्यात कागदाच्या गुंडाळीखेरीज काही मावत नाही, म्हणून पेन आपलं आपण न्यावं लागतं. नवखा माणूस डबी शोधून काढतो आणि पेनासाठी पानवाल्याकडे धावतो, हे दृश्य नेहमीचं.

आता मोबाईल. जीपीएस बोट धरून डबीपर्यंत नेतं, हा समज टिकून आहे, कारण टॅक्सीवाला दारात येऊन उभा राहतो हे आपण रोज बघतो. तिथे मात्र नकाशा आपल्याला रस्त्यावर ओढून बसवत असतो, शिवाय शेवटची वीस पावलं ड्रायव्हर डोळ्यांनी बघून येतो. उघड्या आभाळाखाली चांगला फोन साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असतो. लपवणाऱ्याच्या फोनची चूक पाच मीटर, शोधणाऱ्याच्या फोनची पाच मीटर. दोन्ही उलट्या दिशांना गेल्या की दहा मीटरांचा फरक पडला. फ्रीगंजच्या तीन-चार मजली इमारतींमध्ये संकेत भिंतीवर आपटून उशिरा पोचतो, मग फोनवरचा ठिपका रस्ता ओलांडून समोरच्या कपड्यांच्या दुकानात जाऊन बसतो. म्हणून अनुभवी माणूस शेवटच्या टप्प्यात फोन खिशात टाकतो. आपल्याला लपवायची असती तर कुठे लपवली असती, असा विचार करून तो कठड्याची खालची बाजू, जाळीची चौकट, झाडाची ढोली बघत फिरतो.

आकडे चुकीचे टाकणं हा आणखी एक घोळ, आणि तो उपग्रहाच्या नावावर खपवला जातो. या खेळात आकडे अंश आणि दशांश मिनिटांत लिहितात. उदाहरणार्थ उत्तर 23 अंश 10.500 मिनिटं. एका अंशाची मिनिटं साठ, त्यामुळे दशांश अंशांत याचे 23.175 होतात. घाईत कोणी 23.10500 असं टाकलं तर तो सरळ दक्षिणेला, इंदूरच्या बाजूला, पावणेआठ किलोमीटरवर जाऊन उभा राहतो. '.500'ला पन्नास सेकंद समजलं तर चूक सहाशे मीटरांची, म्हणजे जास्त वाईट, कारण जागा ओळखीचीच दिसते आणि माणूस तिथे तासभर रेंगाळतो. शेवटचा आकडा एकाने बदलला तर उज्जैनच्या अक्षांशावर उत्तर-दक्षिण सुमारे 1.85 मीटर आणि पूर्व-पश्चिम 1.7 मीटर फरक पडतो. इतपत बारकाई पुरते. त्यापुढचे आकडे नुसते शोभेचे.

'इंटरनेट नसेल तर जीपीएस बंद' हेही खरं नाही. वीस हजार किलोमीटरवरून उपग्रह आपली वेळ आणि जागा सतत सांगत असतात, फोन फक्त ऐकतो आणि गणित करतो. इंटरनेटमुळे उपग्रह कुठे आहेत याची यादी पटकन मिळते, इतकंच. ते नसेल तर तीच माहिती उपग्रहाकडून हळूहळू येते, पहिला ठिपका उमटायला थोडा वेळ लागतो. तेव्हा नकाशा आणि डबीचं पान घरूनच उतरवून घ्यावं. 'उपग्रह आपल्यावर नजर ठेवतो' ही भीतीही यातच निघून जाते. आपला ठावठिकाणा फोडतात ती फोनमधली ॲप्स, आणि डबी सापडल्याची नोंद लिहिणारे आपण स्वतः. पोरीबाळींनी टोपणनावाने खेळावं आणि नोंद घरी आल्यावर टाकावी, असं मी सांगतो ते उपग्रहामुळे नव्हे.

'परवाना लागतो म्हणे' असं सांगणारेही असतात. साधा जीपीएस फोन किंवा हातातलं जीपीएस यंत्र वापरायला लागत नाही. फेब्रुवारी 2021 मध्ये तर केंद्र सरकारने नकाशे आणि भूस्थानिक माहितीवरची जुनी बंधनं बरीच सैल केली. ही अफवा उठली ती वेगळ्या यंत्रामुळे. परदेशी गिर्यारोहक उपग्रहामार्फत निरोप पाठवणारं यंत्र बाळगतात. सॅटेलाइट फोनप्रमाणे तेही भारतात परवानगीशिवाय चालत नाही आणि त्यापायी पाहुणे विमानतळावर अडकल्याच्या बातम्या येतात. परदेशातला भाचा हौसेने असं काही घेऊन येणार असेल तर त्याला आधीच फोन करून सांगा.

एवढं सगळं झालं तरी खरी अडचण आकाशात नाही, ओट्यावर आहे. फ्रीगंज म्हणजे माधवनगर, शिंदेशाहीत आखून वसवलेली वस्ती. रुळांच्या या बाजूला टॉवर चौक, शहीद पार्क, बाजार. पुलापलीकडे जुनं शहर, महाकाळ आणि क्षिप्रा. टॉवर चौकात संध्याकाळी चाटच्या गाड्या लागल्या की मुंगीला वाट नसते. पाश्चात्त्य देशांत या खेळाची पुस्तकं 'आजूबाजूला कोणी नाही असं बघून डबी काढा' असं सांगतात. इथे कोणी नाही अशी वेळ येतच नाही. पहाटे फिरायला निघालेले आजोबा, मग झाडूवाले, मग शटर वर करणारे, मग गिऱ्हाइकं, रात्री उशिरा गाड्या धुणारी पोरं. तुम्ही कठड्याखाली हात घातलात की तिसऱ्या सेकंदाला प्रश्न येतो, 'क्या भिया, क्या गिर गया?' आणि उत्तर देईपर्यंत आणखी दोघं किल्ली शोधायला वाकलेले असतात.

इथे जुना सल्ला असा की खोटं कारण सांगून वेळ मारून न्यावी. मला तो पटत नाही. आपल्या गावात खरं सांगणंच सोयीचं पडतं. दोन वाक्यांत खेळ सांगितला की विचारणारा एक तर कंटाळून निघून जातो, नाही तर पुढच्या वेळेपासून डबीची राखण करतो. खोटं बोलून वाकून-वाकून शोधणारा माणूस मात्र संशयास्पदच दिसतो.

आणि संशयाला इथे कारण आहे. 7 मार्च 2017 रोजी भोपाळ-उज्जैन पॅसेंजरमध्ये शाजापूर जिल्ह्यातल्या जबडी स्थानकाजवळ स्फोट झाला, दहाजण जखमी झाले. 'लावारिस वस्तू को हाथ न लगाएँ' ही घोषणा उज्जैनकर रोज ऐकतो, आणि ती ऐकूनही मुद्दाम लावारिस डबा ठेवायचा हा आपला छंद! 'कुठेही ठेवा, कोणाला कळतंय' हा म्हणूनच सगळ्यांत घातक गैरसमज. 2011 साली इंग्लंडमधल्या वेदरबी गावात एका कॅफेसमोर कोणाला तरी कुंडीत काही ठेवताना पाहून लोकांनी पोलिसांना कळवलं. रस्ता बंद झाला, बॉम्बशोधक पथक आलं आणि ती निरुपद्रवी डबी स्फोट करून उडवण्यात आली.

नियम याच कारणाने कडक आहेत. नवी डबी आपोआप प्रसिद्ध होत नाही, स्वयंसेवी तपासनीस आधी ती पाहतात. जागेच्या मालकाची परवानगी हवी, डबीवर ती कसली आहे हे लिहिलेलं हवं, आणि दोन डब्यांमध्ये निदान 161 मीटर अंतर हवं. रेल्वेची हद्द, पूल, लष्करी आणि सरकारी इमारती यांच्यापासून दूर राहायचं. म्हणजे फ्रीगंजच्या ओव्हरब्रिजखालचा तो मस्त कोनाडा बाद. देवळं मी स्वतः यादीतून काढून टाकीन. महाकाळाच्या परिसरात बंदोबस्त असतो आणि भाविकांच्या रांगेत डबी शोधणं शोभतही नाही. संरक्षित स्मारकाच्या दगडात काही खुपसणं तर गुन्ह्याच्या दिशेनेच जातं.

परदेशी युक्त्याही जशाच्या तशा चालत नाहीत. अमेरिकेत दिव्याच्या खांबाच्या तळाशी असलेलं धातूचं झाकण उचलून त्याखाली डबी ठेवायची रीत आहे. इथे विजेच्या खांबाला नाही तर डीपीला चुंबकाची डबी चिकटवली तर पहिल्या पावसात कोणाचा तरी जीव जाईल. काळी प्लास्टिकची डबी झुडपात टाकली की सकाळी कचरागाडीत जाते, झाडूवाल्याची त्यात काय चूक? आणि मान्सूनात 'वॉटरप्रूफ' म्हणून घेतलेल्या डब्यातही कागदाचा लगदा होतो, कारण शोधणारा झाकण अर्धवट लावतो.

मग फ्रीगंजात करायचं काय? ओळखीचा दुकानदार गाठावा. 'काका, तुमच्या ओट्याच्या आत एक डबी लावू का?' असं विचारावं. 'लाव, पण गिऱ्हाइकाच्या वेळेला कोणी मध्ये तडमडू नका,' असं म्हणणारे काका भेटले की निम्मं काम झालं. ती वेळ डबीच्या पानावर ठळक लिहायची. डबीवर डोळा ठेवणारा माणूस आयताच मिळतो.

दुसरी वाट मला जास्त आवडते. या खेळात टप्प्यांच्या डब्या असतात. पहिल्या ठिकाणी डबी नसते, तिथे बघून उत्तर काढायचं आणि त्या उत्तरातून खऱ्या डबीचे आकडे मिळवायचे. पहिल्या टप्प्यासाठी उज्जैनच्या वेधशाळेसारखी जागा शोधून सापडणार नाही. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात क्षिप्रेकाठी बांधलेली ही वेधशाळा पुढे मोडकळीला आली. 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार करवला, आणि तिथलं काम पाहिलं ज्योतिर्विद गोविंद सदाशिव आपटे यांनी. तिथल्या सम्राट यंत्राची तिरकी भिंत जमिनीशी जो कोन करते तो उज्जैनचा अक्षांशच, तेवीस अंशांच्या जरा वर. यंत्रावर सावलीने वाचलेली वेळ ही उज्जैनची स्थानिक वेळ. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि उज्जैन पावणेशहात्तर अंशांवर, त्यामुळे सूर्य इथे सुमारे सत्तावीस मिनिटं मागे असतो. ऋतूप्रमाणे त्यात आणखी काही मिनिटांची भर किंवा वजाबाकी होते. 'घड्याळ आणि सावली यांत आज किती फरक?' या प्रश्नातून शेवटचे आकडे काढता येणार नाहीत, कारण उत्तर रोज बदलतं. यंत्राचा कोन किंवा पायऱ्यांची संख्या मात्र बदलत नाही. माफक तिकीट काढून आत जायचं, मोजायचं आणि मग पुलावरून फ्रीगंजात काकांच्या ओट्याकडे यायचं. 'हे परदेशी खूळ आहे' म्हणणाऱ्याला मी आधी इथेच आणीन. भारतीय ज्योतिर्गणितात शून्य रेखांश ज्या गावावरून धरत असत ते हेच गाव.

सापडली नाही म्हणजे चोरीला गेली, असंही नाही. प्रत्येक डबीला शोधण्याची कठीणता आणि रस्त्याची कठीणता असे दोन गुण असतात, एक ते पाच, अर्ध्या-अर्ध्याच्या टप्प्याने. शोधण्याची कठीणता चार असेल तर पहिल्या फेरीत हात हलवत परतणं हेच रीतसर आहे. 'सापडली नाही' अशी नोंद लाज न बाळगता टाकावी, कारण लागोपाठ दोघा-तिघांनी तसं लिहिलं की मालक जाऊन बघतो. लाजून गप्प बसणारे पुढच्यांची चक्कर फुकट घालवतात. स्वतःच नवी डबी तिथे टाकून 'सापडली' लिहिणारे त्याहून वाईट. मूळ डबी जागेवरच असते आणि मग एका पत्त्यावर दोन डब्या नांदतात.

मालक होणं ही मात्र कायमची जबाबदारी आहे. चार दिवसांसाठी आलेल्या पाहुण्याला म्हणूनच इथे डबी ठेवू देत नाहीत. पावसाळा संपला की कागद बदलायचा, रबरी कडी तपासायची, काकांनी दुकान रंगवायला काढलं तर डबी घरी आणायची. 2028 च्या सिंहस्थाची गर्दी सुरू व्हायच्या आधी तर पान 'तात्पुरतं बंद' करून डबी उचलूनच ठेवावी, आणि ती परत केव्हा लावायची हे काकांना विचारून ठरवावं.