शिवारातील मनोऱ्यासाठी राउटर निवडताना

कपाशीत प्रति कामगंध सापळा, प्रति रात्र ८ पतंग सलग ३ रात्री आढळल्यास गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडली असे मानले जाते. या निकषात ‘सलग’ हा शब्द कळीचा आहे. कॅमेरा बसवलेल्या सापळ्यांमुळे ही मोजणी आता दूरवरून करता येते. परंतु त्यांची छायाचित्रे ज्या मनोऱ्यामार्फत पुढे जातात तोच मधल्या रात्री मुका झाला, तर नोंद शिवारातच अडकून पडते आणि सल्ला उशिरा पोहोचतो. पतंग मात्र तोवर अंडी घालून मोकळे झालेले असतात.

भारतनेटची प्रकाशतंतू तार ग्रामपंचायतीपर्यंत येते. तिथून पुढे वाड्या-वस्त्यांना जोडण्याचे काम बऱ्याच ठिकाणी स्थानिक बिनतारी इंटरनेट सेवादाते ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील रेडिओंच्या साहाय्याने करतात. अशा मनोऱ्यासाठी जागा देणाऱ्या किंवा भागीदारी करणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्या विस्तार कार्यकर्त्यांकडे हमखास एक प्रश्न घेऊन येतात : मनोऱ्याखालच्या पेटीत कोणता राउटर ठेवावा? घरात वापरतात तो स्वस्त राउटर चालेल का?

चालतो, पण फार दिवस नाही. मनोऱ्यावर राउटरची खरी परीक्षा वेगाची नसून विजेची असते. समजा, राउटर ५ वॉट आणि दोन रेडिओ मिळून १५ वॉट घेतात. हा २० वॉटचा भार २४ तासांत ४८० वॉट-तास ऊर्जा खातो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाच्या शिसे-आम्ल बॅटरीत १२०० वॉट-तास साठतात. बॅटरीचे आयुष्य राखायचे असेल तर त्यांतील निम्मेच वापरावेत. म्हणजे सूर्यदर्शन न होता हा मनोरा जेमतेम सव्वा दिवस तग धरतो. श्रावणातील झड चार-चार दिवस टिकते आणि बोंडअळीच्या सर्वेक्षणाचा हंगामही त्याच सुमारास सुरू झालेला असतो. त्यात घरगुती राउटरसाठी इन्व्हर्टर जोडला, तर स्वतः इन्व्हर्टरच ८-१० वॉट गिळतो. म्हणून बॅटरीवर थेट चालणारा, व्होल्टेजचा चढ-उतार सोसणारा राउटर घ्यावा. त्यासाठी सुरुवातीला काही रुपये अधिक गेले, तरी दुसरी बॅटरी घेण्याचा खर्च वाचतो.

परवडणाऱ्या राउटरांपैकी मायक्रोटिकचा ‘हेक्स’ या कसोटीला उतरतो. तो ८ ते ३० व्होल्ट एकदिश प्रवाहावर चालतो; १२ व्होल्टची बॅटरी उतरून ११ वर आली किंवा भारित होताना १४.४ वर गेली, तरी त्याला फरक पडत नाही. २४ व्होल्टच्या बॅटरीसंचावर मात्र जपावे लागते, कारण समतोल-भारणाच्या वेळी व्होल्टेज ३० च्या जवळ पोहोचते. युबिक्विटीचा ‘एजराउटर एक्स’ही कमी विजेत चालतो; पण त्याची शिफारस केलेली कार्यमर्यादा ४५ अंश सेल्सिअसपर्यंतच आहे, तर ‘हेक्स’ची ६० पर्यंत. विदर्भात मे महिन्यात सावलीतच ४५ अंश होतात. उन्हातील पत्र्याच्या बंद पेटीत त्यावर आणखी दहा-पंधरा अंश सहज चढतात. अशा ठिकाणी ‘हेक्स’लासुद्धा पांढरी रंगवलेली, उत्तरेकडे टांगलेली पेटीच हवी.

रेडिओला इथरनेट तारेतूनच वीज देण्याची पद्धत, म्हणजे पीओई, हे नुकसानीचे नेहमीचे ठिकाण. काही रेडिओंना २४ व्होल्टची साधी पीओई लागते, तर काहींना ४८ व्होल्टची प्रमाणित. चोवीसच्या रेडिओला साधी अठ्ठेचाळीस दिली, तर तो क्षणात जळतो. उलट चुकीत तो केवळ सुरू होत नाही. खरेदीपूर्वी प्रत्येक रेडिओच्या पाठीवरील आकडा वाचून कागदावर उतरवावा. तीन-चार रेडिओ असतील तर ‘हेक्स पीओई’सारखा, चार पोर्टमधून वीज देणारा राउटर अधिक सोयीचा. अडकून पडलेल्या रेडिओची वीज कार्यालयात बसूनच तोडून पुन्हा जोडता येते आणि चिखलातून मनोऱ्यापर्यंतची एक फेरी वाचते.

पेटीकडे कीटकशास्त्राच्या नजरेनेही पाहणे आवश्यक आहे. पेटीतील ऊब आणि कोरडेपणा मुंग्यांना भावतो; एखादी मुंगी विजेच्या संपर्कात येऊन मेली की काही जातींत तिच्या धोक्याच्या गंधाने आणखी मुंग्या तिथे गोळा होतात. कुंभारीण माशी हवेच्या छिद्रांत आणि रिकाम्या पोर्टमध्ये मातीची घरटी करते, आणि पाली तर सर्वत्रच. छिद्रांवर पोलादाची बारीक जाळी, तारा आत येण्याच्या जागी घट्ट ग्रंथी आणि रिकाम्या पोर्टांना टोप्या एवढी काळजी पुरते. पेटीच्या आत कीटकनाशक फवारणे टाळावे. द्रावकाने प्लास्टिक व जोडणीचे नुकसान होऊ शकते.

वेगाविषयी थोडेसे. जाहिरातीतील गिगाबिटचा आकडा मोठ्या पॅकेटांवर आणि कोणतीही तपासणी न लावता मोजलेला असतो. ग्राहकनिहाय वेगमर्यादा आणि फायरवॉल लावली की प्रत्येक पॅकेट प्रोसेसरपुढून जाते आणि आकडा बराच खाली येतो. पन्नास-साठ जोडण्या आणि एकूण शंभर-दोनशे मेगाबिटच्या मनोऱ्याला ‘हेक्स’ पुरतो. सापळ्यांची छायाचित्रे या वाहतुकीत नगण्य असतात. मात्र संध्याकाळच्या चित्रफितींच्या गर्दीत ती मागे पडू नयेत म्हणून त्यांना अग्रक्रमाची रांग द्यावी. प्रत्येक मनोऱ्यावर राउटिंग ठेवावे. सारे मनोरे एकाच ब्रिजमध्ये गुंफले, तर एका वस्तीत चुकून झालेला तारेचा फेरा सगळ्या गावांचे जाळे ठप्प करतो.

स्वस्त राउटरची खरी उणीव बहुधा त्याच्या देखभालीत असते. २०१८ मध्ये मायक्रोटिकच्या ‘विनबॉक्स’ या व्यवस्थापन-सुविधेतील त्रुटी उघड झाली आणि तिच्यावरील दुरुस्तीही त्याच वर्षी आली. तरीही ती न बसवलेली असंख्य उपकरणे नंतर हल्लेखोरांच्या हाती लागली. व्यवस्थापनाचे दार इंटरनेटच्या बाजूने बंद ठेवावे, आरंभीचा परवलीचा शब्द बदलावा आणि अद्ययावत प्रणाली बसवावी. ‘हेक्स’च्या जुन्या प्रतिमानात साठवणूक केवळ १६ मेगाबाइट आहे, त्यामुळे अनावश्यक संच काढल्याविना अद्ययावत करणे कधीकधी अडते, हेही खरेदीवेळी विचारात घ्यावे.

मनोरा स्वतःच्या आवाराबाहेर सेवा देणार असेल, तर इंटरनेट सेवेचा परवाना असलेल्या संस्थेशी करार लागतो. त्याच करारात एक अट घालून घ्यावी : मनोऱ्यावर बसवलेल्याच प्रतिमानाचा दुसरा राउटर, त्याच मांडणीची फाइल चढवून, गावातल्या किंवा कृषी विज्ञान केंद्रातल्या कपाटात तयार ठेवावा आणि मांडणी बदलली की तोही त्याच दिवशी बदलावा. वीज कोसळून पेटी जळाली, तर एखादा प्रशिक्षित तरुण चार तारा जोडून त्याच संध्याकाळी, सापळ्यांची रात्रीची मोजणी सुरू होण्यापूर्वी, मनोरा पुन्हा चालू करू शकतो.