प्रेषितांचा विश्वासांगीकार

ख्रिस्ती श्रद्धेचे सार मोजक्या विधानांत सांगणारे, पश्चिमी चर्चमध्ये रूढ असलेले प्राचीन सूत्र. लॅटिनमध्ये ते ‘क्रेदो’ म्हणजे ‘मी श्रद्धा ठेवतो’ या शब्दाने सुरू होते. पिता, पुत्र येशू ख्रिस्त व पवित्र आत्मा यांना अनुसरून त्याचे तीन भाग पडतात.

येशूच्या बारा प्रेषितांनी धर्मप्रसारार्थ पांगण्यापूर्वी हे सूत्र एकत्र रचले, अशी समजूत रूफिनस याने इ. स. ४०४ च्या सुमारास नोंदविली आहे. पुढे एकेका प्रेषिताच्या नावे एकेक वाक्य वाटून देण्यापर्यंत तिची मजल गेली. ती इतिहासाच्या कसोटीस उतरत नाही. हे सूत्र आपल्याकडे प्रचलित नाही, असे ग्रीक प्रतिनिधींनी फेरारा येथील धर्मपरिषदेत (१४३८) सांगितले. त्याच शतकात लोरेन्झो वाल्ला यानेही प्रेषितांचे कर्तृत्व नाकारले.

वस्तुतः त्याचा उगम बाप्तिस्म्याच्या विधीत आहे. पाण्यात उभ्या असलेल्या दीक्षार्थीस पिता, पुत्र व आत्मा यांविषयी तीन प्रश्न विचारीत. प्रत्येक वेळी ‘मी श्रद्धा ठेवतो’ असे उत्तर मिळताच त्यास पाण्यात बुडवीत. या प्रश्नोत्तरांतून पुढे सलग, मुखोद्गत करावयाचा पाठ सिद्ध झाला. रोममधील त्याचे जुने रूप मार्सेलसच्या सु. ३४० मधील पत्रात आढळते. आजचा पाठ आठव्या शतकारंभी पिर्मिनियसच्या ग्रंथात दिसतो.

दुसऱ्या शतकात मार्सियन व ज्ञेयवादी पंथ जडसृष्टी हीन मानीत. ख्रिस्ताचा देह हा केवळ भास, असेही त्यांतील काहींचे मत होते. या पार्श्वभूमीवर परमेश्वर हा पृथ्वीचाही निर्माता, पुत्राचा जन्म, मरण व दफन ही खरी आणि देहाचेही पुनरुत्थान होणार, या विधानांना धार येते. मात्र प्रत्येक शब्द खंडनासाठीच योजला, असे मानणे अतिशयोक्तीचे होईल. पाँटियस पायलट या रोमन अधिकाऱ्याचा उल्लेख प्रथमदर्शनी विसंगत वाटतो. पण त्यामुळेच ख्रिस्ताचे दुःखभोग पुराणकाळात न राहता इतिहासातील एका राजवटीशी बांधले जातात. येशूची शिकवण, दाखले व चमत्कार यांविषयी मात्र सूत्रात एक अक्षरही नाही. नायसिया (३२५) व कॉन्स्टँटिनोपल (३८१) येथील परिषदांतून आलेला विश्वासांगीकार वेगळा. तो धर्माध्यक्षांनी वाद मिटविण्यासाठी सिद्ध केला.

पोर्तुगीज काळात (वसईत १५३४–१७३९) हे सूत्र कोकण किनाऱ्यावर पोहोचले. क्रिस्तपुराणकर्ते फादर स्टीफन्स यांच्या, राचोल येथे १६२२ मध्ये मुद्रित झालेल्या कोकणी प्रश्नोत्तरीत ते आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) वसईच्या चर्चमधील उपासना मराठीत होऊ लागली. भाषांतरात शब्दांची निवड निर्णायक ठरते : ‘पुनरुत्थान’ या शब्दाने जन्ममरणाचा फेरा अभिप्रेत नाही, तर याच व्यक्तीचे देहासह कायमचे उठणे अभिप्रेत आहे, म्हणून तेथे ‘पुनर्जन्म’ हा परिचित शब्द चालत नाही. ‘कॅथलिक’ याचा मूळ अर्थही पंथवाचक नसून ‘विश्वव्यापी’ असा आहे. ईस्टरच्या जागरविधीत भाविक आपल्या बाप्तिस्म्याच्या वचनांचे नूतनीकरण करतात, तेव्हा धर्मगुरू विचारतो व समुदाय उत्तर देतो. सूत्राचे मूळ प्रश्नोत्तररूप तेथे टिकून आहे.