मे उजाडला तरी पालवी नाही

इंग्लंडमध्ये मे उजाडतो, मेपल आणि एल्मचे बोन्साय पानांनी भरून जातात. शेजारच्या कुंडीतलं क्रेप मर्टल मात्र नुसत्या काड्या घेऊन उभं असतं. नवखा माणूस ते मेलं समजून टाकूनही देतो. जाणता माणूस नखानं फांदीची साल जराशी खरवडतो. खाली हिरवं दिसलं की थांबायचं, दुसरा उपाय नाही.

हे झाड आपल्याला परकं नाही. महाराष्ट्राचं राज्यफूल असलेल्या तामणाचं ते भावंड; मेंदी आणि डाळिंबही त्याच गोतातली. जपानी लोक त्याला 'सारुसुबेरी' म्हणतात, कारण त्याच्या गुळगुळीत खोडावरून माकडाचाही पाय घसरावा. जुनी साल पापुद्र्यांनी सुटते आणि खालून करडे, तपकिरी, फिकट ठिपके उघडे पडतात. या खोडासाठीच कितीतरी जण ते कुंडीत लावतात.

फुलांचं काम अवघड. कळी धरते ती त्याच वर्षीच्या फुटीच्या टोकाला, आणि बोन्साय म्हटलं की शेंडे खुडणं आलंच. खुडल्यावर नवी फूट येते खरी, पण तिला कळी धरायला आणखी कित्येक आठवड्यांची ऊब लागते. तेवढा उन्हाळा इंग्लंडमध्ये उरतच नाही. म्हणून कडक छाटणी हिवाळा सरताना उरकायची आणि जूनच्या सुमारास कात्री बाजूला ठेवायची. मग फांद्या लांबतात, घडवलेला आकार विस्कटतो. चुरगळलेल्या रेशमासारख्या त्या पाकळ्यांसाठी एवढं सोसावंच.

कुंडी दक्षिणेकडच्या भिंतीलगत किंवा काचघरात ठेवतात. ऊन हवं आणि वाराही खेळता हवा. हवा कोंडून दमट झाली की पानांवर भुरी चढते. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये डोनाल्ड एगॉल्फ यांनी जपानमधल्या फौरीई जातीशी संकर करून भुरीला सहजी बळी न पडणारे वाण काढले. १९७८ चं पांढऱ्या फुलांचं 'नॅचेझ' त्यांचंच.

जमिनीतलं झाड थंडीनं वरून मेलं तरी बुंध्यातून पुन्हा फुटतं. बोन्सायला ते परवडत नाही. खोड गेलं की वर्षांची मेहनत गेली. त्यात उथळ कुंडीतली मुळं लवकर गोठतात. म्हणून पानं गळाल्यावर कुंडी बिनहीटरच्या गॅरेजमध्ये जाते. तिथे अंधार असला तरी चालतो, माती किंचित ओली राहिली की पुरे. ऊबदार दिवाणखान्यात मात्र ठेवू नये, झाडाला विश्रांती मिळत नाही.

अखेर पालवी फुटते, कोवळी, तांबूस. गोठवणारी एक रात्रही ती काळी करून टाकते. त्यामुळे मे संपेपर्यंत रोज हवामानाचा अंदाज पाहायचा आणि गारठा दिसला की संध्याकाळी कुंड्या आत, सकाळी पुन्हा बाहेर.