शाळेवर मजला चढवण्यापूर्वी

जूनमध्ये शाळा उघडल्या की जबलपूरच्या राइट टाउन, नेपियर टाउनपासून रांझी-अधारतालपर्यंत एक दृश्य हमखास दिसते. हातात गुणपत्रिका, बरोबर नवीन दप्तर घेतलेला मुलगा किंवा मुलगी, आणि ऑफिसच्या खिडकीपलीकडून ऐकू येणारे दोन शब्द : ‘जागा नाही.’ आई-वडील मुख्याध्यापकांना भेटतात, ओळखीपाळखी काढतात, आणि चार दिवसांनी मुलाला प्रवेश मिळतोही. म्हणजे दोघांच्या बाकावर तिसरा बसतो. बाक मात्र तेवढाच राहतो.

सगळ्यात जास्त गर्दी होते ती नववीत. त्याचे कारण उघड आहे. २००१ मध्ये सुरू झालेले सर्व शिक्षा अभियान, दुपारचे जेवण आणि पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा यांमुळे पूर्वी चौथी-पाचवीतच शाळा सोडणारी मुले आठवीपर्यंत टिकू लागली. आठवीपर्यंत आलेल्या मुलाला, आणि विशेषतः मुलीला, पुढे शिकावेसे वाटले यात नवल ते काय! पण कायद्याने हक्क दिला तो चौदा वर्षांपर्यंतचा. माध्यमिक शाळांच्या इमारती त्या वेगाने वाढल्या नाहीत. २००९ मध्येच केंद्राने राष्ट्रीय माध्यमिक शिक्षा अभियान हाती घेतले आणि २०१८ मध्ये ते समग्र शिक्षा योजनेत मिसळले गेले. त्यातून सरकारी शाळांना काही खोल्या मिळाल्या. जुन्या खाजगी संस्थांना मात्र आपली सोय आपणच पाहावी लागते.

आणि जबलपुरात जुन्या संस्था पुष्कळ. हितकारिणी सभा १८६८ सालची, सेंट अलॉयशियसही त्याच सालचे. गावात मराठी माणूस आला तो कधी भोसल्यांच्या अमलात, कधी रेल्वे, तोफगाड्यांचा कारखाना आणि कचेऱ्यांच्या नोकरीनिमित्ताने. आल्यावर त्याने आधी देऊळ पाहिले, मग मुलांसाठी शाळा. त्या काळातल्या शाळा बहुधा एखाद्या बंगल्यात नाहीतर दोन-चार खोल्यांत सुरू व्हायच्या. पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूलही १८८० मध्ये सुरू झाले ते वाड्यातच, आणि अण्णासाहेब कर्व्यांचा हिंगण्याचा आश्रम १९०० मध्ये उभा राहिला तो एका झोपडीत. लहान जागेत शाळा सुरू करण्यात कमीपणा कधीच नव्हता. प्रश्न येतो तो शाळा मोठी झाल्यावर.

मग संस्थेची सभा भरते. कोणीतरी सुचवतो, ‘वर एक मजला चढवू या.’ जमीन विकत घ्यायला नको, मैदान मोडायला नको, खर्चही कमी. सगळे माना डोलावतात. देणग्यांची यादी तयार होते, ओळखीचा ठेकेदार बोलावला जातो. तो भिंतीवर हात थोपटून म्हणतो, ‘जुने काम आहे, भक्कम आहे, दोन मजले सहज घेईल.’

इथेच जरा थांबायला हवे. कारण हे जबलपूर आहे.

२२ मे १९९७ ची पहाट आठवणारी माणसे शहरात अजून पुष्कळ आहेत. पहाटे चार वाजून वीस-एकवीस मिनिटांनी जमीन हादरली. तीव्रता सुमारे ५.८, केंद्र शहराजवळच कोसमघाटच्या परिसरात, आणि जमिनीखाली जवळजवळ पस्तीस किलोमीटर खोल. चाळीसच्या आसपास किंवा त्याहून अधिक माणसे गेली, हजाराहून अधिक जखमी झाली. जबलपूरबरोबर मंडला, शिवनी आणि छिंदवाड्यातही घरे पडली, भिंतींना तडे गेले. नर्मदा-सोन खोऱ्याच्या पट्ट्यात भूकंप होऊ शकतात हे भूगर्भशास्त्रज्ञांना ठाऊक होते. सामान्य माणसाला ते त्या पहाटे कळले. महाराष्ट्राला असाच धडा त्याआधी साडेतीन वर्षे, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने दिला होता.

दोन्ही वेळा पहाट होती आणि शाळा रिकाम्या होत्या. जबलपुरात तर उन्हाळ्याची सुटी चालू होती. हाच धक्का जुलैतल्या एखाद्या मंगळवारी सकाळी अकराला बसला असता तर? हा विचार नकोसा वाटतो खरा, पण शाळेवर मजला चढवणाऱ्याला तो टाळता येत नाही. गुजरातेत २६ जानेवारी २००१ ला सकाळी पावणेनऊच्या सुमारास धरणी हलली. प्रजासत्ताक दिन असल्यामुळे मुले झेंडावंदनाला बाहेर पडलेली होती, तरीही शेकडो विद्यार्थी दगावले.

मदनमहाल किल्ल्याजवळचा एकावर एक तोललेला प्रचंड दगड जबलपूरकर पाहुण्यांना हौसेने दाखवतात आणि ‘सत्त्याण्णवच्या भूकंपातही हलला नाही’ असे अभिमानाने सांगतात. गोष्ट खरी आहे. पण त्या ग्रॅनाइटच्या दगडाचा आणि आपल्या शाळेच्या नऊ इंची विटांच्या भिंतीचा काही संबंध नाही.

जुन्या शाळांच्या इमारती बहुतेक वजन पेलणाऱ्या भिंतींच्या असतात. छताचा सगळा भार भिंतीवर, भिंतीचा पायावर. ज्या वेळी बांधल्या त्या वेळी एकच मजला मनात असेल, तर पायाही तेवढाच खोदलेला असतो. त्यात शहराच्या काही भागांत काळी माती. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. दरवर्षी मार्चनंतर दाराच्या चौकटीवर तिरपी भेग दिसायची आणि पावसाळ्यात ती मिटायची, असे ज्या घरात होते त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. अशा जमिनीसाठी रुडकीच्या केंद्रीय बांधकाम संशोधन संस्थेने खाली कांद्यासारखा फुगीर भाग असलेल्या ठोकळ खांबांचा पाया विकसित केला. पन्नास वर्षांपूर्वीच्या शाळेखाली तो असेलच असे नाही.

आता या भिंतींवर नवे वजन येणार. भूकंपात इमारतीवर येणारा धक्का तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो. वर जितके जड, तितका खालच्या भिंतींना जोर जास्त. म्हणून अभियंता जी पहिली गोष्ट पाहतो ती म्हणजे दार-खिडक्यांच्या वर इमारतीला चारी बाजूंनी कंबरपट्ट्यासारखा काँक्रीटचा अखंड पट्टा आहे का? कोपऱ्यांत उभ्या सळ्या आहेत का? खिडक्या कोपऱ्याला अगदी खेटून तर नाहीत? भिंतींचा चुना-सिमेंट अजून धरून आहे की नखाने भुगा पडतो? किल्लारी काय किंवा जबलपूर काय, मातीत रचलेल्या भिंती आधी गेल्या. भारतीय मानक क्रमांक ४३२६ मध्ये या पट्ट्यांचे नियम दिलेले आहेत. जबलपूर भूकंपाच्या तिसऱ्या क्षेत्रात मोडते आणि शाळा ही साध्या घरापेक्षा महत्त्वाची इमारत मानून तिचा हिशेब दीडपट जोर धरून करावा असे मानक सांगते. ठेकेदाराने भिंतीवर थोपटलेल्या हाताला हे कळणे शक्य नाही. त्यासाठी नोंदणीकृत स्ट्रक्चरल अभियंता लागतो, पायाशेजारी एक-दोन खड्डे खणून पाहावे लागतात, आणि त्याचा अहवाल सभेत सगळ्यांसमोर वाचावा लागतो. दोन-चार दिवसांचे काम, खर्चही मजल्याच्या मानाने किरकोळ.

काही शाळा दुसरी युक्ती करतात. खाली फक्त खांब, तिथे सायकली आणि प्रार्थना. वर्ग सगळे वर. दिसायला छान, पण १९९७ मध्ये जबलपुरात आणि २००१ मध्ये अहमदाबादेत खालचा मजला मोकळा ठेवलेल्या इमारतींना जबर मार बसला. वर भिंतींमुळे ताठ, खाली नुसत्या खांबांमुळे लवचिक, मग सारा झटका खांबांवर.

समजा, मजला झाला. मग जिना! जुना जिना दोनशे मुलांसाठी होता, आता चारशे मुले त्यावरून उतरणार. तमिळनाडूतील कुंभकोणमला १६ जुलै २००४ रोजी एका शाळेत आग लागली. एकाच इमारतीत एकाहून अधिक शाळा दाटीवाटीने भरत होत्या. स्वयंपाकाच्या जागेतून निघालेली आग गवताच्या छपराला लागली, बाहेर पडायची वाट अरुंद होती. ९४ लहान मुले गेली. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरच्या शाळांना सुरक्षेचे नियम पाळण्याचा आदेश दिला. वरच्या मजल्याला दोन जिने हवेत आणि दोन्ही उघडे हवेत. दुसऱ्या जिन्याखाली जुनी बाके रचलेली आणि दाराला कुलूप, असे मी इतक्या शाळांत पाहिले आहे की आता शाळेत गेले की आधी तेच शोधते.

‘मग तात्पुरती पत्र्याची शेड टाकू या,’ हा दुसरा सल्ला. उन्हाळ्यात जबलपूरचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या वर जातो आणि नवे सत्र एप्रिलमध्येच सुरू होते. पत्र्याखाली बसलेल्या मुलांकडून भूमितीची अपेक्षा करणे म्हणजे कमालच! आणि पाऊस लागला की बाईंचा आवाज तिसऱ्या बाकापलीकडे जात नाही. शिवाय तात्पुरते म्हणून जे उभे राहते ते लवकर जात नाही. इंग्लंडमध्ये १९४७ साली शाळा सोडण्याचे वय पंधरा केले, तेव्हा वाढलेल्या मुलांसाठी देशभर घाईने काँक्रीटच्या तयार झोपड्या उभारल्या. थोड्या वर्षांसाठी म्हणून बांधलेल्या त्या वर्गांपैकी कित्येक पुढे अनेक दशके वापरात होते. त्याच देशात नंतरच्या काळात हलक्या, सच्छिद्र काँक्रीटची छते टाकली गेली, आणि २०२३ मध्ये सत्र सुरू होण्याच्या तोंडावर शंभरहून अधिक शाळांना आपले काही भाग बंद करावे लागले. श्रीमंत देशाची ही गत.

तिसरा उपाय दोन पाळ्यांचा. मुंबईकर पालकांना सकाळची आणि दुपारची शाळा नवी नाही. एकही वीट न रचता वर्ग दुप्पट होतात हे खरे. पण सकाळच्या पाळीतल्या मुलीला पहाटे उठावे लागते आणि हिवाळ्यात दुपारच्या पाळीतली मुलगी अंधार पडायच्या सुमारास घरी निघते. गाव लांब असेल तर आई-वडील दुसऱ्या वर्षी तिची शाळाच बंद करतात. पाळी कोणाला कोणती द्यायची हे ठरवताना लांबून येणाऱ्या मुलींची यादी आधी करावी, एवढे तरी व्हावे.

वीट रचण्याआधी आणखी एक काम करून पाहण्यासारखे आहे. एक कोरा कागद घ्यावा, त्यावर शाळेतल्या सगळ्या खोल्या लिहाव्यात आणि आठवड्याच्या अठ्ठेचाळीस तासिकांपैकी कोणती खोली किती तासिका वापरात असते ते मांडावे. प्रयोगशाळा वीस तासिका, चित्रकलेची खोली बारा, ग्रंथालयाला कुलूप, आणि एका खोलीत गेल्या दहा वर्षांचे भंगार! शिक्षकांनी वर्गावर न जाता मुलांनीच विषयाच्या खोलीत जायचे, असे वेळापत्रक बसवले तर एक-दोन वर्ग निघतातच. वेळापत्रक बसवणाऱ्या सरांचे डोके दुखेल, पण एका स्लॅबपेक्षा ते स्वस्त पडते.

खोलीचा हिशेबही करावा. वीस फूट बाय चोवीस फुटांचा वर्ग म्हणजे ४८० चौरस फूट. चाळीस मुले बसली तर प्रत्येकाला बारा चौरस फूट, साठ बसली तर आठ. त्यातून फळा, टेबल आणि मधली वाट वजा करा. आमच्या वर्गात साठाहून जास्त मुली होतो. मागच्या बाकावरून फळ्यावरचे बेरजेचे चिन्ह गुणाकाराचे दिसायचे, आणि गणित कच्चे म्हणून मार मला बसायचा. पुढे चष्मा लागला.

नव्या वर्गांबरोबर नळ आणि स्वच्छतागृहे वाढवायची असतात, हे सभेच्या वृत्तांतात क्वचितच सापडते. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व शाळांत मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे बांधायला सांगितले होते. पण दोनशे मुलींसाठीची तीन स्वच्छतागृहे चारशे मुलींना पुरत नाहीत. मधली सुटी पंधरा मिनिटांची. नववी-दहावीच्या मुली मग पाणी प्यायचेच टाळतात, महिन्यातून तीन-चार दिवस घरी राहतात. हजेरीपटावर ते दिसते, कारण कोणी विचारत नाही. पालक-शिक्षक सभेत आयांनी हा प्रश्न उघड विचारावा. वडील विचारणार नाहीत.

एवढे सगळे पाहून मजला चढवायचेच ठरले, तर कॅलेंडर भिंतीवरून उतरवून समोर ठेवावे. सुटी साधारण मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत. नवा स्लॅब घातला की किमान सात दिवस त्यावर पाणी बांधून ठेवायचे, आणि वर्गाची रुंदी वीस फूट असेल तर खालचे टेकू चौदा दिवस काढायचे नाहीत. मोठ्या तुळयांचे तर एकवीस दिवस. काँक्रीट पुऱ्या ताकदीला यायला अठ्ठावीस दिवस लागतात. म्हणजे स्लॅब मेच्या मध्यापर्यंत पडला पाहिजे. त्याआधी भिंती, त्याआधी नगर निगमची मंजुरी, त्याआधी अभियंत्याचा अहवाल. मागे मोजत गेले तर सुरुवात दिवाळीच्या आसपास येते. आणि ऐन मेमध्ये स्लॅबवर उभे करायला लागणारे पाणी कुठल्या बोअरमधून आणायचे, ते आताच विचारून ठेवावे.